पूररेषेच्या पायऱ्या

रात्री साडेअकराला अहिरराव साहेबांचा फोन:
"रेषा नकोत आता. चित्र द्या.
मोबाईलवर पटकन उघडेल असं."

म्हणजे झोप गेली.

कॅनडा कॉर्नरच्या मागे, तिसऱ्या मजल्यावर
एक काळी खिडकी, तिच्यात लुकलुकणारी कांडी.
माउसचं इथे काम नाही.
एक ओळ टाइप करायची:
कुठली फाईल, कुठला थर,
चौकोन केवढा, तर दहा मीटर बाय दहा,
पाणी तिथे एक, बाकी शून्य.
या आज्ञेत एक शब्द आहे, त्याचा अर्थ "जाळ".
नदी जाळायची, चौकोनाचौकोनात.
शिकले तेव्हा हसू आलं होतं.

रेषेचं बरं असतं, तिला जाडी नसते.
आनंदवलीपासून तपोवनापर्यंत
खंडू गांगुर्डे चिखलात काठी रोवत चालला,
दर काठीला मी एक आकडा घेतला,
आकड्याला आकडा जोडला की झाली गंगा.
कितीही जवळ जा, कड धारदार.
चित्रात जवळ गेलं की कड तुटते,
पायऱ्या पायऱ्या होते.
जिथे नुसतं गवत आणि वाळत घातलेलं धुणं
तिथेही घाट,
कुणीच कधी न बांधलेले,
एका एन्टरमध्ये दोन्ही काठांना.

पहिलं चित्र चार सेकंदांत आलं.
सवयीने पद्माकर तांबटांची शेड शोधली.
मोजणीच्या दिवशी त्यांनीच चहा दिला होता,
पितळी पेल्यात, ओठ भाजेल असा.
शेड पांढरी. वाचली.
नियमच तसा: चौकोनाचा मध्य पाण्यात, तरच चौकोन पाण्यात.
त्यांच्या चौकोनाचा मध्य पडतो
भट्टीच्या उजवीकडे, हातभर कोरडा.

मग साहेबांचा मेसेज: "सेफ साईडला राहा."
त्यालाही खूण आहे, दोन अक्षरांची.
रेषा नुसती शिवली तरी अख्खा चौकोन घे.
शिवाशिवीचा नियम.
ज्याने लिहिला त्याला ठाऊक नसणार
हा शब्द आपल्याकडे कुठून कुठून येतो.

शेड निळी.
शेजारची पिठाची गिरणी निळी.
अंगणवाडीचा कोपराच शिवला होता,
ती सगळी.

चौकोन लहान करून पाहिला, अर्ध्या मीटरचा.
लॅपटॉपचा पंखा किंचाळला, टक्के सरकेनात.
फाईल एवढी फुगली
की साहेबांच्या मोबाईलवर ती उघडेपर्यंत
पुढचा पूर येऊन गेला असता.
शेड अर्धी ओली, अर्धी कोरडी.
खरं होतं ते. पण जड होतं.

सकाळी तिकडे गेले, कामाला नाही, अशीच.
पद्माकर हंडा मठारत होते.
एक ठोका, एक ठिपका, त्याला लागून दुसरा.
लांबून नुसती गोलाई.
बोट फिरवलं तेव्हा कळलं,
दोन ठिपके सारखे नव्हतेच.

पाणी कुठवर येतं, विचारलं.
"दुतोंड्याच्या छातीला लागलं की ऐरण उचलायची,
डोक्यावरून गेलं की भट्टी विझवायची."
हात न थांबवता.
मग हनुवटीने भिंतीकडे दाखवलं,
खांद्याच्या उंचीवर तांब्याचा एक खिळा.
"वडिलांनी ठोकला. त्या साली इथवर होतं."

खिळा म्हणजे बिंदू.
लांबी नाही, रुंदी नाही.
माझ्या आज्ञेला दिला
तर ती त्याचाही दहा मीटरचा चौकोन करील,
त्यात ऐरण, हंडा, पितळी पेले
आणि मठारणारा माणूस.

साहेबांना दोन्ही चित्रं पाठवलीत.
एकावर निळी खूण आलीय, उघडल्याची.
कोणत्या,
ते मी अजून बघितलेलं नाही.