शून्य ते एकशे ऐंशी

भुसावळ, मे महिना, दुपारचे साडेतीन.
कूलरमधलं पाणी संपलंय
आणि सुपडू भारंबे, वय एकाहत्तर, उजवा खांदा,
खुर्चीत असे बसलेत की खांदा दुसऱ्या कुणाचा,
आपण नुसते सोबत आलोय.

मी म्हणते, काका, अ‍ॅबडक्शन करू.
हात बाजूने वर, शरीराच्या मध्यरेषेपासून दूर.
परत आणला की अ‍ॅडक्शन.
एका अक्षराचा फरक;
पहिल्या वर्षी त्यात माझे चार मार्क गेले,
अजून बोलताना जीभ अडखळते.

"मध्यरेषा कुठी?"
मी दाखवते: कपाळ, बेंबी, दोन पावलांमधली फरशी.
ते फरशीकडे बघत राहतात
रुळाकडे बघावं तसे.

सत्तर अंशांवर हात अडतो.
मग कंबर वाकते, मान कलते,
हात उंच गेल्यासारखा दिसतो.
कोनमापक तिथंच.
"काका, ही चोरी. खांद्याचं काम पाठ करतेय.
पुस्तकात याला भरपाई म्हणतात."
"भरपाई?" ते हसतात, दात नसलेल्या बाजूनं.
"यार्डात पडलो तव्हा रेल्वेनं नाही देली,
पाठ देऊ राह्यली तं देऊ दे."

बत्तीस वर्षं मालगाडीचे गार्ड.
शेवटच्या डब्यात एकटे,
डब्याला पंखा नाही, दिवा नाही,
इंजिन अर्धा कोस पुढं, वळणावर तेवढं दिसायचं.

मी शिकवते: वाकवणं, ताणणं,
आतली फिरकी, बाहेरची फिरकी,
दहाचे तीन सेट, मध्ये मिनिटभर विसावा.
ते एक-दोन-तीन मोजत नाहीत.
वरणगाव, म्हणतात. आचेगाव. बोदवड.
मलकापूरला श्वास लागतो.
दहावी उचल जलंबला संपते,
तिथं ते पाणी मागतात.
दुसऱ्या सेटला गाडी परत भुसावळहूनच सुटते,
परतीचा प्रवास त्यांच्या हिशेबात नाही.

आज त्यांना भिंतीशी उभं केलं.
मनगटाची मागची बाजू भिंतीला, आणि दाबा.
हात हलणार नाही, सांधा हलणार नाही,
स्नायू मात्र राबत राहील.
याला म्हणतात आयसोमेट्रिक.

"हे मले येते," ते म्हणाले.
"झेंडी अशीच धरायची. डायव्हरले दिसेपावतर."
आणि नाही दिसली तर?
"कव्हा कव्हा नाहीच दिसे."
मग?
"मंग काय. धरून ठेवायची."

दहा सेकंद सांगितले होते.
वीस झाले. दंडावरची शीर उठलीय,
कोपर बारीक थरथरतंय,
तिकडं यार्डात डबे एकमेकांवर आदळताहेत.
सोडा काका, मी म्हणते.

फाईलमध्ये रकाना आहे, हालचाल किती अंश.
मी शून्य लिहिते,
बादली उचलून कूलरकडे जाते.
मागं वळून बघते तर
ते अजून दाबून उभे.