माझ्यावर राज्य

लपाछपीत ज्याच्यावर राज्य यायचं
तो झाडाशी डोळे मिटून आकडे मोजायचा.
माझ्यावर अकरा वर्षं राज्य आहे.
अजून कुणी "टाइमप्लीज" म्हटलेलं नाही.

दर गुरुवारी, थंडर बेमध्ये,
आर्वोच्या घराचं तळघर.
भट्टी वीस-वीस मिनिटांनी खाकरते.
वॉलपेपरच्या पाठीवर काढलेला नकाशा
चार कोपऱ्यांना सुपाच्या चार डब्यांनी दाबलेला.
एका राज्यावर कॉफी सांडली, ते बुडालं.
तसंच राहू दिलं. कागदोपत्री तिथे आता पूर आहे.

पुलापलीकडचं शहर मी सतरा पानं लिहिलं होतं:
घंटा, गटारं, कोणाचं कोणाशी वाकडं.
हे चौघे पुलापर्यंत आले
आणि डावीकडे वळले,
कारण कॉर्बिनला शेळी दिसली.
शेळी नव्हतीच. मी नुसतं म्हणाले होते
की लांबून काहीतरी ओरडलं.
मग शेळीला मालक लागला,
मालकाला नाव लागलं,
मी समोरच्या डब्यावरचं वाचून सांगितलं: बार्ली.
आज बार्ली त्या अख्ख्या मुलखाचा धनी आहे
आणि सतरा पानं माझ्या खणात
दिवे लावून बसलीत.

आर्वो बर्फ हटवायचा ट्रक चालवतो.
इथे तो बुटका लोहार,
दार ठोठावत नाही, तोडतो,
आणि मग ओशाळून बिजागरी बसवून देतो.
डेलिया रात्रपाळीच्या आधी येते,
नर्सच्या गणवेशात, आणि चोऱ्या करते.
वॉर्डात ती सगळ्यांना "बरं वाटेल हं" म्हणते,
म्हणून इथे कुणालाच म्हणत नाही.
तामाराचा जादूगार तिसऱ्या वर्षापासून
सराईत झोपलाय. ती व्हॅन्कूव्हरला गेली.
त्याच्या खोलीचं भाडं आम्ही दर गुरुवारी भरतो,
सोन्याचं एक नाणं.
असं कुणी ठरवलं नव्हतं.

खरं सांगते,
ड्रॅगनचा डोंगर दोन वर्षांपूर्वीच आला असता.
मी मध्ये दलदल घातली.
मग साथ. मग एक जकातवाला,
ज्याला सुट्टेच पैसे लागतात.
मग आणखी एक जकातवाला.
तिसऱ्याकडे डेलियानं चष्म्यावरून पाहिलं.
"हा त्या दोघांचा भाऊ का?"
"चुलत," मी म्हणाले.
सगळे गप्प. भट्टी खाकरली.
मग आर्वोनं थैलीची गाठ सोडली
आणि एकेक नाणं, सावकाश,
गरजेपेक्षा बरंच सावकाश,
चुलतभावाच्या हातावर ठेवत गेला.
कॉर्बिन शाळेत गणित शिकवतो,
माझी एकही बेरीज सोडत नाही.
तो दोनदा चुकला
आणि दोन्हीदा पहिल्यापासून मोजायला लागला.

गेल्या गुरुवारी मात्र डोंगर आला.
ड्रॅगनचं पहिलं वाक्य मी पहिल्याच वर्षी लिहून ठेवलं होतं.
वहीत सापडलंही. अक्षर माझंच,
पण लिहिणारीला शेवट भारदस्त हवा होता
आणि तिला ही माणसं अजून नीट माहीत नव्हती.
वही मिटली.
ड्रॅगननं विचारलं, "चौथा कुठाय?"

फासे कुणी उचलले नाहीत.
डेलियानं फोन काढून नकाशावर,
बुडालेल्या राज्याच्या काठाशी उभा केला.
वाजत राहिला. तिकडे ऑफिसं सुटायची वेळ.
"हं," तामारा, बसमधून, दम लागलेला आवाज.
आम्ही काही सांगायच्या आधीच:
"जागा झालोय. माझे बूट कुणी घेतले?"

कॉर्बिननं मान खाली घातली.
ते त्यानं सातव्या वर्षीच विकले होते.
बार्लीला.

ड्रॅगननं सगळ्यांकडे बघितलं,
मग शेपटी आवरून घेतली.
"जाऊन या," म्हणाला, "मी आहे इथेच."