उतरून राहिलं

इतवारीत, सुक्या मिरचीच्या गोदामावर आमचा स्टुडिओ.
रात्री सव्वादोनला जिना चढताना
चौथ्या पायरीवर पहिली शिंक ठरलेली.
मंगळावर यान उतरणार, आणि त्याचं थेट वर्णन
मराठीतून मी करणार,
केबल असलेल्या, झोपलेल्या घरांसाठी.

चिमोटे सरांनी कागदावर लिहून दिलंय:
वर्तमानकाळात बोला. शुद्ध बोला. थेट आहे.

थेट म्हणजे किती, ते मी पेन्सिलीनं समासात मांडते.
तिथून इथवर यायला उजेडालाच अकरा मिनिटं, वर बावीस सेकंद.
उतरण सात मिनिटांची.
म्हणजे वातावरणात शिरल्याची खूण माझ्या कानात वाजेल
तेव्हा यानाला जमिनीवर
चार मिनिटं होऊन गेलेली असतील.
जमिनीवर, किंवा जमिनीत.

"यान वातावरणात प्रवेश करत आहे."
करत नाहीये.
"कवच तापत आहे."
निवलं कधीच.
"हवाई छत्री उघडत आहे," मी म्हणते,
विझलेल्या क्रियापदांवर
फुंकर घालत बसल्यासारखी.

गुणवंता चहा आणायला गेलाय.
फोनवर म्हणाला, "आलोच न मॅडम."
आलोच म्हणजे अजून गांधीबागेत, किटली रिकामी.
आपल्यात न घडलेलं बिनदिक्कत भूतकाळात सांगतात,
निघालोच, पोचलोच, झालंच समजा,
आणि कुणी त्याला खोटं म्हणत नाही.
मग घडून गेलेलं वर्तमानात सांगताना
माझीच जीभ का अडते?

मधेच फोन. पाचपावलीहून आचल गजभिये, सहावी ब.
मागून कुणीतरी दटावतंय, झोप म्हणून.
"मॅडम, यान उतरून राहिलं का?"

काचेपलीकडे सर कपाळाला हात लावतात.
हे 'राहिलं' मी पुण्यात शिकायला गेले तेव्हा
दोन वर्षं घासून जिभेवरून काढलं होतं.
येऊन राहिली म्हटलं की होस्टेलच्या मुली विचारायच्या,
येऊन कुठं राहिलीस गं?
मीही हसायचे त्यांच्यासोबत.

आता हेडफोनमधून ऐकते तर
उतरून.
राहिलं.
उतरणं चाललंय अजून,
आणि उतरलं, तिथंच राहिलं.
दोन्ही, एका दमात,
सहावी ब मधल्या मुलीच्या तोंडून.
उभं असो, आडवं असो, तुकड्यांत असो, त्या धुळीत
राहिलं तर आहेच.

कानात उंची सांगणारा आवाज थांबलाय.
पडद्यावर तिकडची माणसं खुर्च्यांतून अर्धी उठलेली,
तशीच.
कागदावरचं शुद्ध वाक्य माझ्यासमोर आहे.

"हो आचल," मी म्हणते, "उतरून राहिलं."

सर माझ्याकडे बघत नाहीत.
खाली जिन्यात कुणीतरी शिंकलं.
गुणवंता असणार.
चौथ्या पायरीवर.