भारचाचणी

विश्वामित्रीवर, रात्री अडीचला,
वाळूने भरलेले सहा डंपर
इंजिनं बंद करून उभे आहेत माझ्या पुलावर.
माझा म्हणजे, ताणलेल्या तारांचं गणित माझं;
सही शिर्केसाहेबांची.

खाली परातीवर मी, बॅटरी, डायल गेज.
काठावर मगर. तीही हलत नाही.
पाया खणताना तिच्या अंड्यांसाठी
दोन महिने काम बंद होतं,
वनखात्याचं पत्र अजून फायलीत आहे.

तीन पूर्णांक आठ मिलिमीटर.
"नम्यो के?" वरून नानजी मिस्त्री.
नमला, मी ओरडते.
काटा हललाच नसता
तर आधी गेज बदलला असता, मग झोप उडाली असती.

उद्या डंपर उतरतील.
मग पुन्हा चोवीस तास बसायचं,
किती वर येतो ते बघत.
शंभरातले पंच्याऐंशी आला तरी पास.
उरलेलं तो ठेवून घेतो.
आईला सांगितलं तर म्हणाली,
ठेवू दे की गं, उचललंय त्यानंच.

पाण्यात काहीतरी शिरलं.
बॅटरी फिरवली: काठ मोकळा.
परत काट्यावर आणली.
तीन पूर्णांक नऊ.