लान्स नाईक नाईक

हॅलिफॅक्सच्या ड्रिल हॉलमध्ये दर मंगळवारी साडेसातला,
अठरा वर्षं.
बॉयलर दुरुस्तीची व्हॅन मागच्या बोळात लावायची,
आतच कपडे बदलायचे, एका पायावर उड्या मारत,
आणि नखांतली काजळी तशीच घेऊन
ओळीत उभं राहायचं.
डावीकडे डेनम, पहाटे तीनला पाव भाजणारा.
उजवीकडे हॉली क्रॅबट्री, शाळेत भूगोल शिकवते,
ऑटरबर्नच्या माळावर दोनदा हरवली.

पहिल्या दिवशी सार्जंट ॲक्रॉइडनं नाव वाचलं
आणि त्याच्या तोंडात माझ्या घराण्याची बुटांची कंपनी झाली.
बेळगावच्या काकांना फोनवर हुद्दा कळवला, लान्स कॉर्पोरल.
रेजिमेंटल सेंटरच्या बिगुलावर घड्याळ लावणारा माणूस तो,
म्हणाला, म्हणजे आपला लान्स नाईक.
लान्स नाईक नाईक!
अरे, आडनाव पुढे गेलं तुझं,
हुद्दा एक पायरी मागे राहिला.
राहिला तो राहिलाच.

लोक विचारतात, किती मारले?
मी पुराचं सांगतो.
नाताळच्या दुसऱ्या दिवशी कॅल्डर नदी दुकानांत शिरली,
डेनम आणि मी एका म्हातारीचा फ्रीझर
आतल्या टर्कीसकट जिन्यानं वर चढवला.
ती वरच्या पायरीवर उभी, गाऊनची नाडी आवळत.
तुम्ही शनिवार-रविवारवाले ना?
मग खरे कधी येणार?

काबूलचं सांगत नाही.
सांगण्यासारखं फार नाहीच. सहा महिने
मी एका दाराशी उभा होतो.
आत लांब टेबल, दोन्हीकडचे अधिकारी,
हिरवा चहा, बदाम, फायलींवर फायली.
मला शिकवलं होतं, चेहरे बघू नकोस,
चेहरे फसवतात. हात बघ.
मी हात बघितले. अंगठ्यांचे, जपमाळेचे,
शाईचे, एक करंगळी नसलेला.
कोपऱ्यात टिपणं घेणारा एक पोरगा होता, जावीद.
एकदा त्याचा हात कोटात गेला, घाईनं,
आणि माझा अंगठा खटक्यावर.
त्यानं दम्याचा पंप काढला.
दोनदा ओढला. मग वर बघितलं.
अंगठा त्याला दिसला होता.

दुसऱ्या दिवसापासून
पंप काढायच्या आधी तो डावा हात वर करायचा,
वर्गात शंका विचारावी तसा, माझ्याकडे बघत.
मी मान हलवायचो.
रोज. कधी दिवसातून चारदा.
श्वास घ्यायची परवानगी देत होतो
मी, हॅलिफॅक्सचा गॅसवाला.

परतलो तेव्हा मालकानं नोकरी ठेवली होती,
तोंड वाकडं करून, पण ठेवली होती.
सोमवारी सकाळी आठला ओव्हेंडनमध्ये गळका व्हॉल्व्ह.
बाईनं चहा दिला.
मी तिचे हात बघत होतो.

काल शेवटचा मंगळवार.
बॅराक्लॉच्या काउंटरवर सगळं ओतलं,
झोपायची पिशवी, पाण्याच्या बाटल्या,
घडी न मोडलेली मच्छरदाणी.
तो एकेकावर खूण करत गेला, जीभ ओठात धरून.
चमचा एक कमी, म्हणाला. पैसे कापू. सही कर.
माझं पेन आतल्या खिशात.
बॅराक्लॉ थांबला. काय झालं? काही शंका?
तेव्हा मला कळलं
की माझा डावा हात वर आहे.

नाही, म्हटलं. पेन काढतोय.

घरी पोचलो तर आठसुद्धा वाजले नव्हते.
वैजू म्हणाली, आज इतक्या लवकर?
भात अजून चढवायचा होता.
मी खण उघडला,
तर तो चमचा तिथेच, सांडशीखाली,
बहुधा वर्षानुवर्षं मेथीच्या डब्यात वापरातला.
धुऊन परत ठेवला.