चार फेरे, मग डावीकडे

नदीमचं रेडिएटरचं गॅरेज,
शारजा, इंडस्ट्रियल एरिया तेरा.
जुम्म्याच्या नमाजानंतर शटर अर्धंच वर.
पूर्ण उघडलं की ऊन आत येतं,
कधीकधी म्युनिसिपालिटीचा माणूसही.

आत आम्ही सात-आठ जण
आणि ज्यांना आम्ही चालायला शिकवतो ते.
रोडेलची सहा पायांची राणी,
फक्त गुळगुळीत फरशीवर राणी.
शिबूचा हात, नुसता हात, कोपरापर्यंत.
चहाचा कप उचलतो, आणि
द्यायचा कुणाला हे विसरून तसाच थांबतो.
आणि माझा ठोंब्या :
राइस कुकरचं पोट, जुन्या व्हीलचेअरची मोटर,
अकरा किलो.
डोळे नाहीत.

डोळे घेऊ, दर पगाराला म्हणायचो.
तोवर मोजायला शिकवलं.
दारापासून चाकाचे चार फेरे, मग डावीकडे,
बस्त्यावच्या खाटेला वळसा, मग सहा,
मग फ्रीज, मग मी.
बस्त्याव झोपेत एक पाय खाली सोडायचा,
म्हणून वळसा जरा मोठाच ठेवला.
दहा बाय बाराच्या खोलीत, पाच जणांच्या चपलांतून
ठोंब्या पाण्याची बाटली आणायचा.
बस्त्याव म्हणायचा, "पोरापेक्षा बरा रे,
हाक मारल्यावर येतो तरी."

कंपनीने साठ जण काढले त्या वर्षी
बस्त्याव वसईला गेला.
खाट दीडशे दिरहमला, गादी फुकट.
ठोंब्याला कुणी सांगितलं नाही.
तो आला. चार फेरे, डावीकडे,
आणि मोकळ्या फरशीवर
सावकाश, मोठा वळसा घातला.

दोन ओळी बदलायच्या होत्या, दोनच.
लॅपटॉप उघडला, बातम्या वाचल्या, मिटला.
नदीम म्हणाला, "बग आहे यार, काढून टाक."
रोडेल काही बोलला नाही.
त्याच्या राणीच्या एका पायात
बायकोच्या मोडक्या चष्म्याची काडी आहे.
राणी त्याच पायाने लंगडते.
पाय बदलायचा विषय आम्ही काढत नाही.

मग माझंच आलं.
बावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या इथे,
लोक वर गेले, खाली आले.
व्हिसा रद्द, तीस किलो सामान,
बॅटरी चालणार नाही.
एअरलाइनचा पोरगा फोनवर म्हणाला,
"खेळणं आहे का, सर?"
नाही.
"मग मशीन?"
मी म्हटलं, तसं नाही म्हणता येणार.
"मग लिहू काय?"
मागे कुणाचा तरी दुसरा फोन वाजत होता.
मी म्हटलं, राहू दे.

हुमैदने नेला त्याला.
सोळा वर्षांचा, बापाच्या लँडक्रूझरमधून यायचा
आणि आमच्यासोबत पुठ्ठ्यावर मांडी घालून सोल्डरिंग करायचा,
कंदुऱ्याच्या बाहीला दोन भोकं पाडून घेतलेला.
"मेमरी साफ करूं, अंकल?"
तुझी मर्जी, म्हटलं.
आणि भलतंच सांगत बसलो :
दमट हवेत डावं चाक पुसायचं,
गालिचा त्याला आवडत नाही,
प्लग आवाज येईपर्यंत दाबायचा,
रागावलास तरी ढकलायचं नाही, मोजणी चुकते.
तो मान डोलवत होता. ठोंब्या गाडीच्या डिकीत
कोथिंबिरीच्या जुड्यांशेजारी.

कणकवलीत दीड महिन्याने व्हिडिओ आला.
त्यांची मजलिस, आमच्या अशा दहा खोल्या मावतील.
संगमरवर. गालिचा गुंडाळून कोपऱ्यात उभा.
ठोंब्या दारातून आला.
चार फेरे. डावीकडे.
एवढ्या ओसाड जागेत मधोमध वळसा.
सहा.
फ्रीजच्या जागी, जिथे काहीच नव्हतं, क्षणभर थांबला,
मग पुढे, माझ्या जागी.
तिथे हुमैद. लोड-तक्क्या ओढून
नेमका तिथेच बसलेला.

बायको खांद्यावरून बघत होती,
हाताला नारळाचा चोथा.
"तो मधेच असा वळतो का हो?
वाटेत तर काही नाही."

पाय आहे, म्हटलं.
झोपेत खाली सोडतो तो.