कायतानने बांधलेली पुस्तकं

डिचोलीच्या बाजारात, सोड्याच्या दुकानावर आमचं वाचनालय.
त्यात वाळवी शिरली, ती थेट तिसऱ्या कपाटात.
पानांना तिने तोंड लावलं नाही. फक्त कणे खाल्ले.
(समितीच्या सभेत मी हे सांगितलं
तेव्हा अध्यक्षांना उगाचच लागलं.)

सुटी पानं गोणीत भरून
कदंबा बसने म्हापशाला नेली, कायतान बाइंडरकडे.
हात असा, की चामड्याची शिवण
बिशपानं वाकून बघावी.
खोट एकच : त्याला मराठी वाचता येत नाही.
आकडे येतात. मटक्यामुळे.

तर त्याने आकडे लावले.

गोणीत होतं
'तोफेचा तिसरा गोळा', ऐतिहासिक, पानोपानी अश्रू;
'चौसष्ट हुमणं', लेखिका कुणी सौ. कुंकळ्येकर;
'खाटल्याखाली कोण?', मुखपृष्ठावर नुसते पाय;
आणि कुणीतरी खूण म्हणून ठेवलेली
'सौभाग्यवती डाकू' या सिनेमाची पुस्तिका,
आठ पानं, पुढचं रुपेरी पडद्यावर.

एकेका आकड्याची तीन-तीन पानं निघाली.
कायतान न्यायी माणूस.
त्याने सगळ्यांना सारखी वाटली.

तेव्हापासून आमच्याकडे
चौथ्या पानाच्या तळाशी तहावर सह्या व्हायच्या असतात,
लेखणी दौतीत बुडालेली,
आणि पाचव्यावर घोडा उधळत सौभाग्यवती येते :
"थांबा! हे लग्न होऊ शकत नाही!"
व्हिसोरेइ लाजला असेल.
तसं कुठे लिहिलेलं नाही.

पुढे शेहेचाळीसवर तोच गरजतो,
"किल्लेदारा, शरण ये! नाहीतर तुझी"
आणि सत्तेचाळीसवर
"खवली काढून, डोकं वेगळं करून
मीठ लावून अर्धा तास ठेवावं."

गुप्तहेर कंदील उंच धरतो. सगळे दिवाणखान्यात.
"खुनी याच खोलीत आहे. आणि तो"
पान उलटा :
"गरम असतानाच वाढावा. सोबत उकडा भात."

मला वाटलं, आता लोक वर्गणी परत मागणार.
मागितली एकट्या पेडणेकर मास्तरांनी,
तीही पुस्तक पुरं वाचून झाल्यावर.

सुलोचनाबाय माशेलकरांनी तर पाककृती करून पाहिली.
पुस्तकात होतं, दारू ठासून भरावी, मग बत्ती द्यावी.
घरात दारू म्हणजे काजूची फेणी.
बांगड्यांत ठासली. बत्ती दिली.
भुवया गेल्या; पण वाड्यावर अजून
जावई आला की 'तोफेचे बांगडे' होतात.
त्यांच्या नातवाने परीक्षेत लिहिलं :
किल्ला पडला, कारण तिरफळं वेळेवर घातली नाहीत.
मास्तरांनी अर्धा गुण दिला.
म्हणाले, याहून वाईट कारणं मी स्वतः शिकवली आहेत.

पणजीहून तपासनीस आले, सुटाबुटात.
नोंदवहीत रकाने तीन : इतिहास, गुन्हे, गृहोपयोगी.
कशात घालणार?
मी म्हटलं, साहेब, किल्लेदार तीनदा मरतो,
एकदा गोळ्याने, एकदा विषाने,
एकदा मंद आचेवर वीस मिनिटं.
तुम्हीच सांगा.
त्यांनी चहा घेतला. पुस्तक 'तपासणीसाठी' नेलं.
अजून परत केलेलं नाही, दंड चढतोय.

शेवटी बिलाचे पैसे द्यायला म्हापशाला गेलो.
कायतान म्हणाला, बाब, इतकी शिवली जन्मभर,
कुणी वाचून नाही दाखवलं.
मग दुकानातच बसलो, खळीच्या वासात,
आणि वाचलं, अडखळत, जिथे अडखळायचं तिथे.
तो हसला नाही.
सुई हातात तशीच, दोरा लोंबता,
शेवटच्या पानापर्यंत ऐकत राहिला,
जिथे तोफा धडाडतात आणि वरून कोथिंबीर पेरतात.

मग हळूच विचारलं,
"पूण बाब, मेलो कोण?"

मी म्हटलं, "बांगडो."

त्याने छातीवर खुरीस काढला
आणि बिलातले तीन रुपये कमी केले.